ग्रामपंचायतीसाठी वर्तणूक नियम कसे करावेत : दप्तर वाचण्यापासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत

नवी बॉडी निवडून आली, की पहिल्या उत्साहात बऱ्याच गावांत एकच गोष्ट घडते. झेंडावंदनानंतर सरपंच आणि सदस्य हात पुढे करून शपथ घेतात, कार्यालयाच्या भिंतीवर ‘सचोटी, पारदर्शकता, निःस्वार्थ सेवा’ असा फलक लागतो, फोटो गावाच्या ग्रुपवर पडतो. सहा महिन्यांनी उपसरपंचाच्या भावाचा जेसीबी गटाराच्या कामावर दिसतो. पारावर कुजबुज सुरू होते. पण नेमका कोणता नियम मोडला, हे कुणालाच सांगता येत नाही. मुळात नियम लिहिलेलाच नसतो.

हा लेख तो नियम लिहिण्याबद्दल आहे. सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे कालपर्यंतचे ग्रामसेवक) आणि ग्रामसभेत उठून प्रश्न विचारणारे ग्रामस्थ, सगळ्यांना तो वापरता येईल. समोर महाराष्ट्रातली ग्रामपंचायत धरली आहे. सगळीकडे एकच कसोटी लावली आहे: ज्या नियमाची नोंद कुठल्याही वहीत होत नाही, तो नियम लिहू नये.

सुरू करण्याआधी

पहिली गोष्ट नावाची. ‘आचारसंहिता’ हा शब्द टाळा. गावात ‘आचारसंहिता लागली’ म्हणजे निवडणूक आली, कामे थांबली, असाच अर्थ होतो. ग्रामसभेच्या नोटिशीवर तो शब्द दिसला तर अर्धे लोक चुकीच्या अपेक्षेने येतात. ‘पदाधिकारी व सदस्य यांचे वर्तणूक नियम’ असे साधे नाव पुरे.

दुसरी गोष्ट वेळेची. नवी बॉडी आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत, पहिला ठेका देण्याआधी, हे काम उरकावे. एखादे प्रकरण तापलेले असताना नियम करायला घेतले, तर प्रत्येक कलम ‘हे अमक्यासाठी काढलंय’ असे वाचले जाते. निवडणुकीच्या तोंडावर घेतले तर तो प्रचार ठरतो.

तिसरी गोष्ट अधिकाराची. इथेच सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून नीट सांगतो. ग्रामपंचायतीला ठराव करून आपल्या सदस्याला अपात्र ठरवता येत नाही, पदावरून काढता येत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधले कलम १४ अपात्रतेची कारणे सांगते आणि सदस्य अपात्र झाला की नाही, याचा निर्णय कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकारी देतात. गैरवर्तन किंवा कर्तव्यातली हयगय यासाठी पदावरून दूर करायचे तर कलम ३९ आहे. त्यात जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते आणि निर्णय विभागीय आयुक्तांचा असतो. तुमचे नियम या चौकटीच्या आत, स्वतःहून पाळायची शिस्त म्हणूनच उभे राहतात. ‘नियम मोडल्यास सदस्यत्व रद्द’ असे वाक्य मी कित्येक मसुद्यांत पाहिले आहे. पहिल्याच वादात ते कोसळते आणि जाताना बाकीच्या चांगल्या नियमांनाही घेऊन जाते.

टप्पा १ : मागचे तीन वर्षांचे दप्तर वाचा

नियम लिहायला बसण्याआधी दोन-तीन सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी एक अख्खा दिवस काढून प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही), रोकड वही (पंचायतीच्या ठरलेल्या नोंदवह्यांपैकी नमुना ५), प्रमाणके म्हणजे खर्चाची व्हाउचर, आणि कोटेशनच्या फायली चाळाव्यात. कुणाला पकडायचे म्हणून ही चाळणी करू नका. आपल्या गावात भानगड कुठून शिरते, तेवढेच शोधायचे आहे.

काय पाहायचे?

– एकाच कामाची तीन कोटेशने तीन दुकानांची, पण अक्षर एकाचे, चूकही तीच. (‘ब्लिचिंग’ची वेलांटी तिन्हींत सारखीच चुकलेली मी पाहिली आहे.)
– एका रस्त्याचे किंवा एका खरेदीचे तुकडे पाडून केलेले ठराव.
– टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग) पावडर, दिवाबत्तीचे साहित्य, मोटार दुरुस्ती ही बिले. रकमा लहान असतात, म्हणून कुणी बघत नाही. वर्षाची बेरीज मात्र करून पाहा.
– पंचायतीच्या गाळ्यांची भाडी कुणाकडे थकली आहेत.
– ‘आयत्या वेळचे विषय’ या मथळ्याखाली मंजूर झालेली कामे.

यातून तुमच्या गावाची आठ-दहा दुखणी निघतील. प्रत्येक गावाची वेगळी असतात. टँकरच्या गावात टँकरचे, बाजाराच्या गावात गाळ्यांचे. दुसऱ्या गावाचा मसुदा उतरवून घेतला तर नेमके हेच निसटते.

*तपासा:* यादीतल्या प्रत्येक दुखण्यासमोर दप्तरातला एक तरी कागद दाखवता येतो का? येत नसेल तर ती अफवा समजा आणि यादीतून काढा.

टप्पा २ : कायद्यात आधीच काय आहे, ते एका पानावर उतरवा

सदस्यांना बहुतेकदा कलम १४ उमेदवारी अर्जाच्या वेळी आठवते, त्यानंतर ते कुणी उघडत नाही. तीन गोष्टी मोठ्या अक्षरात लिहा.

एक, पंचायतीच्या आदेशाने होणाऱ्या कामात किंवा पंचायतीच्या ठेक्यात सदस्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वाटा असेल तर तो अपात्र ठरू शकतो. दोन, कराचे किंवा फीचे बिल देऊन मागणी केल्यापासून तीन महिन्यांत रक्कम भरली नाही, तरी तेच. तीन, सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण, मग ते गायरानावरचे गोठ्याचे पत्रे का असेनात.

‘अप्रत्यक्ष’ या शब्दावर थोडे थांबू, कारण सगळा घोळ तिथे आहे. गोव्यातल्या एका प्रकरणात पंचायत सदस्य असलेल्या बाईंच्या पतीने पंचायतीचे काम घेतले होते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरली जाते. म्हणून त्या कामात पत्नीचाही हितसंबंध आहे, असे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरले आणि अपात्रता कायम राहिली. उलट १९६६ च्या एका निकालात मुलगा नगरपालिकेत नोकरीला होता, तेव्हा त्याच न्यायालयाने म्हटले होते, की नुसते नाते म्हणजे हितसंबंध नव्हे, आर्थिक संबंध दिसला पाहिजे. महाराष्ट्रात मिळकत आपोआप सामाईक होत नाही, त्यामुळे नवऱ्याचा ठेका म्हणजे बायको अपात्र, असे डोळे झाकून म्हणता येणार नाही. प्रत्येक वेळी वस्तुस्थिती तपासली जाते.

याचा अर्थ काय? कोर्टात काय ठरेल यावर आपला नियम टांगून ठेवू नका. अपात्रता होवो न होवो, संबंध असेल तर तो सांगायचा, ही आपली अट.

टप्पा ३ : हितसंबंध पत्रक. मालमत्ता नव्हे, संबंध विचारा

इथली नेहमीची चूक म्हणजे सदस्यांकडून सगळी मालमत्ता मागणे. ती उमेदवारीच्या शपथपत्रात आधीच दिलेली असते. पुन्हा मागितली की लोक चिडतात, ‘माझ्या बायकोचे दागिने तुम्हाला कशाला?’ इथून भांडण सुरू होते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. पंचायतीला हवे ते इतकेच:

१. तुमचा किंवा घरातल्या कुणाचा व्यवसाय, दुकान, फर्म, मजूर सोसायटी. नावासकट.
२. कामावर लागणारी यंत्रे: जेसीबी, ट्रॅक्टर, टँकर, मिक्सर. भाड्याने देत असाल तर तसे.
३. ठेकेदारी करणारे नातेवाईक. ‘नातेवाईक’ कोण, हे पत्रकातच लिहा: पती-पत्नी, मुले-सुना-जावई, आई-वडील, भाऊ-बहीण, मेहुणा, साडू. साडू मुद्दाम लिहा. मसुद्यात तोच राहून जातो.
४. पंचायतीचा गाळा, जागा, तलाव भाड्याने असेल तर करार.
५. प्रस्तावित रस्ता, पाण्याची टाकी, समाजमंदिर यांना लागून असलेली आपली जमीन, गट क्रमांकासह.
६. पंचायतीच्या ठेकेदाराकडून घेतलेले हातउसने. विचारायला अवघड, पण विचारा.

पत्रक एका पानाचे ठेवा. दरवर्षी एप्रिलमध्ये नवे घ्या आणि मध्ये बदल झाला तर ३० दिवसांत कळवायला सांगा. पत्ते, फोन, बँक खाते यांची गरज नाही. हे पत्रक ग्रामसभेत वाचले जाणार असेल, तर भरतानाच सदस्यांना तसे सांगा.

*सावधान:* पहिले पत्रक सरपंचाचे असावे आणि ते भरून सगळ्यांसमोर ठेवावे. सरपंचाने शेवटी भरलेले पत्रक मी एकदाही वेळेत पाहिले नाही.

टप्पा ४ : नियम लिहा. एका नियमात एकच कृती

‘सदस्यांनी पारदर्शकपणे वागावे’ हा नियम नाही, ती इच्छा आहे. नियमात कोण, केव्हा, काय करेल आणि नोंद कुठे होईल, या चार गोष्टी हव्यात. नमुन्यादाखल काही देतो. आपल्या यादीप्रमाणे बदला.

विषयातून बाहेर पडणे. “ज्या विषयात सदस्याचा किंवा त्याच्या पत्रकातील व्यक्तीचा आर्थिक संबंध आहे, तो विषय पुकारताच सदस्य संबंध सांगेल आणि चर्चा व मतदान होईपर्यंत सभागृहाबाहेर जाईल. जाण्या-येण्याची वेळ प्रोसिडिंगमध्ये लिहिली जाईल.” नुसते ‘मत देणार नाही’ पुरत नाही. समोर बसलेल्या सरपंचाच्या चेहऱ्याकडे बघूनही हात वर होतात. मात्र गणपूर्तीकडे, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीकडे, लक्ष ठेवा. ७ सदस्यांच्या पंचायतीत दोघे बाहेर गेले आणि आणखी काही आलेच नाहीत, तर सभा अडकू शकते. असा विषय असेल त्या दिवशीची हजेरी आधीच विचारून घ्या.

कोटेशन. “कोटेशन बंद पाकिटात, दुकानदाराच्या बिलबुकाच्या किंवा जीएसटी क्रमांकाच्या कागदावर घेतले जाईल. आवक क्रमांक पडल्याशिवाय ते उघडले जाणार नाही. तीनपैकी एका पुरवठादाराला कोणताही एक सदस्य फोन करून खात्री करेल आणि फाईलवर सही करेल.” त्या फोनला दोन मिनिटे लागतात. बनावट कोटेशन आणणाऱ्याला नेमकी त्याच फोनची भीती असते. ई-निविदेची चालू मर्यादा किती, हे दरवर्षी पंचायत समितीतून लेखी घ्या आणि फाईलच्या पहिल्या पानावर लावा.

डोंगल. आता पैसे चेकने कमी आणि डिजिटल सहीने जास्त जातात. ही सही ज्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणात असते, तो डोंगल. तरीही सरपंचाचा डोंगल संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये, पिन मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर, हे दृश्य काही दुर्मीळ नाही. कधी तर डोंगल ठेकेदाराच्याच गाडीत असतो. नियम असा लिहा: “डोंगल ज्याच्या नावाचा आहे त्याच्याच ताब्यात राहील, पिन कुणालाही सांगितला जाणार नाही. प्रत्येक पेमेंटच्या दिवशी दोन्ही सह्या करणारे प्रत्यक्ष हजर असतील आणि ताबा वहीत सही करतील.” सरपंच बाईंना संगणक येत नसेल तर दोन दुपारी बसून शिकवा. ‘त्यांना जमत नाही’ या सबबीखाली डोंगल दुसऱ्याकडे जातो. उद्या चौकशी लागली की सही मात्र त्यांचीच निघते.

कोरा कागद. “कोऱ्या लेटरहेडवर, कोऱ्या दाखल्यावर, कोऱ्या चेकवर सही-शिक्का होणार नाही.” परगावी जायचे असले तरी नाही.

नातेवाइकांचा वावर. “सदस्याच्या जागी त्याचा नातेवाईक सभेत बसणार नाही, सदस्याच्या वतीने कर्मचाऱ्यांना आदेश देणार नाही, फायली पाहणार नाही.” सरपंचपती हा शब्द नियमात लिहायची गरज नाही. कुणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळते. मात्र हा नियम पुरुष सदस्यांच्या भावांना आणि मुलांनाही तितकाच लागू आहे, हे चर्चेत आवर्जून सांगा, नाहीतर तो बायकांपुरताच वापरला जाईल.

भेटी. शाल, श्रीफळ, हार यावर वाद घालू नका, ते चालू द्या. खरी भेट वेगळ्याच रूपात येते: वाढदिवसाचा फ्लेक्स ठेकेदाराच्या पैशाने, देवदर्शनाची गाडी, जत्रेच्या महाप्रसादाला ‘गुप्तदान’. नियम असा घ्या: “ज्याचे बिल, कोटेशन, दाखला किंवा अर्ज पंचायतीत प्रलंबित आहे, त्याच्याकडून सदस्य स्वतःसाठी किंवा आपल्या नावे चालणाऱ्या मंडळासाठी, यात्रा कमिटीसाठी काहीही घेणार नाही. परत करता न आलेली वस्तू ७ दिवसांत भेट वहीत नोंदवली जाईल.” रकमेची मर्यादा घालू नका. मर्यादा पाचशेची ठेवली की चारशे नव्वदचे डबे येतात.

लाभार्थी यादी. घरकुल, विहीर, गोठा अशा कोणत्याही यादीत सदस्याच्या नातेवाइकाचे नाव असेल तर ते वाचताना नाते मोठ्याने सांगायचे. नाव वगळायचे नाही. पात्र असलेल्या माणसावर पुतण्या असल्याचा अन्याय का करावा?

*तपासा:* प्रत्येक नियम गावातल्या एका बाहेरच्या माणसाला वाचून दाखवा आणि विचारा, ‘हा मोडला हे तुला कसं कळेल?’ उत्तर आले नाही तर पुन्हा लिहा.

टप्पा ५ : कुणाला लागू, कुणाला नाही

सदस्य, सरपंच, उपसरपंच: लागू. पंचायतीचे स्वतःचे कर्मचारी, म्हणजे लिपिक, शिपाई, पाणी सोडणारा: त्यांच्यासाठी वेगळे, छोटे पान करा. पाणीपट्टी रोख घेतली तर पावती त्याच क्षणी, एवढा एक नियम जरी पाळला तरी बरेच मिटते.

ग्रामपंचायत अधिकारी हे जिल्हा परिषदेचे कर्मचारी आहेत. त्यांना १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. त्यांच्यासाठी तुम्ही शिक्षा लिहू शकत नाही. तक्रार असेल तर ती गटविकास अधिकाऱ्यांकडे जाते. मात्र वह्या ठेवण्याचे काम त्यांचेच आहे, म्हणून मसुद्याच्या पहिल्या बैठकीपासून त्यांना बरोबर घ्या. त्यांना वगळून केलेल्या नियमांच्या वह्या महिन्याभरात सापडेनाशा होतात.

टप्पा ६ : वह्या. चारच

हितसंबंध पत्रकांची फाईल, भेट वही, डोंगल-शिक्का ताबा वही, तक्रार व पोच वही. नमुना १ ते ३३ सांभाळतानाच दमछाक होते, त्यात पाचवी वही घालू नका. पाने क्रमांकित करा, पहिल्या पानावर एकूण पानांचा दाखला लिहून सही घ्या. खोडाखोड झाली तर एका रेघेने काट मारून बाजूला सही. व्हाइटनर नको.

टप्पा ७ : मोडला तर काय

अधिकारात बसणारी शिडी अशी:

१. लेखी तक्रार आली की त्याच दिवशी पोच.
२. संबंधित सदस्याला पत्र, १५ दिवसांत लेखी खुलासा.
३. तक्रार आणि खुलासा दोन्ही पुढच्या मासिक सभेत वाचणे. भाष्य न करता, दोन्ही जसेच्या तसे.
४. समाधान न झाल्यास कागद गटविकास अधिकाऱ्यांकडे. अपात्रतेचा मुद्दा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे.

शिडी बुळी वाटते खरी. पण आपले नाव आणि खुलासा प्रोसिडिंगमध्ये कायमचा राहणार, याचा धाक दंडापेक्षा जास्त असतो, असा माझा अनुभव आहे.

*सावधान:* लाचेची तक्रार या शिडीवर चढवू नका. गावपातळीवर ‘मिटवण्याचा’ प्रयत्न तर अजिबात नको. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात निवडून आलेला पंचायत सदस्यही लोकसेवक आहे. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याला लाच द्यायला भाग पाडले गेले, त्याने ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तरच त्याला संरक्षण आहे. तुम्ही गावात बैठका घेत बसलात तर ते सात दिवस निघून जातात. तक्रारदाराला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक द्या.

टप्पा ८ : आधी मासिक सभा, मग ग्रामसभा

बरेच जण उलटे करतात. थेट ग्रामसभेत मसुदा आणला की दोन्ही गट आपापले माइक पकडतात आणि नियम बाजूलाच राहतात. आधी मसुदा सर्व सदस्यांना, विरोधी गटातल्यांनाही, किमान १५ दिवस वाचायला द्या. मासिक सभेत कलमवार चर्चा करा, सूचक-अनुमोदक शक्यतो वेगवेगळ्या गटांचे ठेवा. त्यानंतरच ग्रामसभा.

विषय नोटिशीत स्वतंत्र क्रमांकाने लिहा. आयत्या वेळच्या विषयांत घुसवलेला ठराव कुणीही उडवून लावतो. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला झेंड्यासाठी आलेली माणसे जिलेबीनंतर पांगतात, म्हणून हा विषय पहिल्या तीनांत ठेवा. आदल्या महिला सभेतही वाचून घ्या. नातेवाइकांच्या वावराच्या नियमावर सर्वांत मोकळे बोलणे मी तिथेच ऐकले आहे.

ठरावात एवढे असावे: नियम स्वीकारले, कोणत्या तारखेपासून लागू, वह्या कुणाकडे, दर तीन महिन्यांनी मासिक सभेत वाचन आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत. ठरावाची प्रत पंचायत समितीकडे पाठवून पोच फाईलला लावा.

टप्पा ९ : पहिले वर्ष

पहिल्या तिमाहीत निम्मी पत्रके येत नाहीत. आलेल्यांची आणि न आलेल्यांची नावे सूचना फलकावर लावा, मोबाइलच्या ग्रुपवर नको. ग्रुपवर त्याचे राजकारण होते. एप्रिलमध्ये सदस्यांच्या घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नमुना ९ (कर मागणीची नोंदवही) वरून काढून सभेत वाचा. तीन महिन्यांची मुदत चुकून एखाद्याचे पद जाण्यापेक्षा आधी वाचलेले बरे.

दिवाळी उलटून गेली आणि भेट वही कोरीच असेल, तर गाव फार सज्जन झाले असे समजू नका. वही कुणाच्या कपाटात आहे ते पाहा. एकाही सदस्याची ‘सभागृहाबाहेर गेले’ अशी नोंद वर्षभरात नसेल, तर पत्रके आणि त्या वर्षीच्या ठेक्यांची यादी शेजारी ठेवून नावे जुळवा.

पोटनिवडणुकीतून नवा सदस्य आला, तर पहिल्या सभेच्या नोटिशीबरोबर कोरे पत्रक आणि नियमांची प्रत त्याच्या घरी पोचवा, पोच घ्या आणि ते भरून येईपर्यंत खरेदीचा विषय सभेपुढे ठेवू नका.